बोलीमागचा पैसा

भेंडी बाजारातल्या पाकमोडिया स्ट्रीटवर ‘रौनक अफरोज’ नावाचं एक हॉटेल होतं. पुढे ते ‘दिल्ली जायका’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. दाऊद इब्राहिमच्या जप्त मालमत्तांपैकी ही एक. डिसेंबर २०१५ मध्ये कुलाब्यात तिचा लिलाव झाला तेव्हा राखीव किंमत १.१८ कोटी रुपये होती आणि बोली चढत चढत ४.२८ कोटींवर गेली. बोली जिंकली ती एका ज्येष्ठ पत्रकाराने, आपल्या संस्थेच्या वतीने. त्या जागेत मुलांसाठी संगणक केंद्र काढायचं, असा त्यांचा मानस होता. ३० लाखांची अनामत भरलेली होती. उरलेल्या रकमेसाठी त्यांनी लोकांना मदतीचं आवाहन केलं, पण पैसे मुदतीत उभे राहिले नाहीत आणि विक्री फिसकटली. नोव्हेंबर २०१७ मध्ये पुन्हा लिलाव झाला. या वेळी समोरासमोरची बोली, बंद लिफाफे आणि ई-लिलाव अशा तिन्ही वाटा खुल्या होत्या. सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टने ती मालमत्ता ४.५३ कोटींना घेतली.

हिशेब मांडला तर सरकारला २५ लाख जास्तच मिळाले, पण जवळजवळ दोन वर्षांनी आणि सगळा घाट पुन्हा घालून. मुख्य म्हणजे, बोली लावणाऱ्याचा हेतू चांगला होता. पैसे न भरणारा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लबाड माणूस येतो. प्रत्यक्षात त्यात भरण्याची इच्छा असून ऐपत नसलेले असतात, ऐपत असून दुसऱ्या दिवशी विचार बदललेले असतात, आणि मुळात भरायचंच नव्हतं असेही असतात. तिघांनाही एकच काठी लावली की नियम एकतर निर्दयी होतो, नाहीतर बुळा. ऑनलाइन लिलावांत सध्या या दोन्ही गोष्टी बघायला मिळतात.

समोरासमोरच्या लिलावात या प्रश्नाचं अर्धं उत्तर माणसाच्या चेहऱ्यातच असायचं. लालबागच्या राजाला वाहिलेल्या सोन्या-चांदीच्या वस्तूंचा लिलाव दरवर्षी उत्सवानंतर होतो. तिथे बोली पुकारणारा माणूस गर्दीत उभा असतो आणि आजूबाजूचे दहा जण त्याला नावानं ओळखत असतात. गोव्यात उत्सवानंतर देवळात पावणी, म्हणजे देवाला वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव, होते, तिथेही तेच. गावासमोर, देवाच्या दारात पुकारलेला आकडा मागे घेणं म्हणजे पुढची कित्येक वर्षं मान खाली घालून वावरणं. ससून डॉकवर पहाटे मासळीचा लिलाव चालतो, तिथली माणसंही रोजची असतात. आज बुडवलं तर उद्या त्याच धक्क्यावर उभं राहायचं आहे. ऑनलाइन लिलावात चेहरा जातो आणि त्याच्या जागी एक टोपणनाव येतं. ते टाकून देऊन दुसरं घ्यायला पाच मिनिटं पुरतात. चेहऱ्याची जागा कशाने भरायची, हाच या साऱ्या प्रश्नाचा गाभा आहे. मला त्याचं एकच खात्रीचं उत्तर दिसतं: आगाऊ पैसा, आणि तोही बोलीच्या प्रमाणात.

भारतात सामान्य माणसाला ऑनलाइन लिलावाची ओळख करून दिली ती मुंबईतच सुरू झालेल्या ‘बाझी डॉट कॉम’ने, २००० साली. २००४ मध्ये ती कंपनी ‘ईबे’ने विकत घेतली. ईबे इंडियाच्या ‘पैसापे’ या व्यवस्थेत खरेदीदाराचे पैसे मध्ये थांबवले जात आणि माल रवाना झाल्यावर विक्रेत्याला मिळत. फसवणूक त्यामुळे आटोक्यात राहिली, पण बोली जिंकून पैसेच न भरणाऱ्याला ही व्यवस्था काही करू शकत नव्हती. त्यासाठी ईबेकडे वेगळा रस्ता होता: विक्रेत्याने काही दिवस वाट पाहायची, तक्रार नोंदवायची, ईबेला दिलेलं शुल्क परत मिळवायचं आणि त्या खरेदीदाराच्या खात्यावर ठपका लागू द्यायचा. २००८ पासून ईबेने विक्रेत्यांना खरेदीदाराविषयी वाईट अभिप्राय देण्याची मुभाही काढून घेतली. सूडबुद्धीने दिले जाणारे अभिप्राय थांबावेत, हा त्यामागचा उद्देश समजण्यासारखा होता. पण त्याचा परिणाम असा झाला की बुडव्या खरेदीदाराची कुणकुण दुसऱ्या विक्रेत्याला लागण्याचा रस्ता अरुंद झाला. २०१८ मध्ये ईबे इंडिया बंद झाली आणि इथला हौशी लिलाव फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत शिरला. नाणी, टपाल तिकिटं, जुनी पुस्तकं, चित्रपटांच्या पुस्तिका, दिवाळी अंक यांचे संग्राहक तिथे भेटतात.

असा लिलाव कसा चालतो ते जरा जवळून पाहू. रात्री साडेआठला गटात फोटो पडतो. साठीच्या दशकातला एक दिवाळी अंक, मुखपृष्ठाचा कोपरा दुमडलेला, पाठीला चिकटपट्टी. खाली ओळ: पायाभूत ३००, किमान वाढ २०, दहाला बंद, शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली तर वेळ पाच मिनिटांनी वाढेल, पोस्टेज वेगळं. साडेनऊपर्यंत दोनचार जण सावकाश वाढवत असतात. मग दोघांची जुंपते आणि दहा वाजून दहा मिनिटांनी आकडा १४०० वर थांबतो. अभिनंदनाचे अंगठे पडतात. विक्रेता यूपीआय क्रमांक पाठवतो. दुसऱ्या दिवशी उत्तर येतं, ‘संध्याकाळी करतो.’ तिसऱ्या दिवशी, ‘बँकेचा सर्व्हर डाऊन आहे.’ पाचव्या दिवशी निळ्या खुणाही उमटत नाहीत. आता विक्रेत्यापुढे प्रश्न असतो की १३८० वर थांबलेल्या माणसाला विचारायचं का.

या दुसऱ्या बोलीदाराविषयी सहसा कुणी नीट बोलत नाही, म्हणून इथे थोडं थांबतो. बाकीचे सगळे ५०० पर्यंतच थांबले होते. पुढचे नऊशे रुपये वाढले ते केवळ न भरणाऱ्या माणसाने रेटल्यामुळे. तो माणूस लिलावात नसताच, तर दुसऱ्याला तो अंक ५२० ला मिळाला असता. मग त्याला १३८० मागणं न्यायाचं आहे का? माझ्या मते नाही. बुडव्याच्या सगळ्या बोल्या पुसून किंमत नव्याने काढावी आणि ती दुसऱ्यापुढे ठेवावी. घ्यायचं की नाही ते त्याने ठरवावं. विक्रेत्याला हे कडू वाटेल, पण १३८० ला माल गळ्यात मारला तर आणखी एक शंका मागे लागते: तो पळालेला बोलीदार विक्रेत्याचाच माणूस तर नव्हता? किंमत फुगवण्यासाठी खोट्या बोल्या लावल्या असतील तर ती विक्री रद्द करण्याचा हक्क खरेदीदाराला आहे. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याचं कलम ६४ तसं स्पष्ट सांगतं. ज्या गटात ‘जिंकणारा फिरला, तुम्ही घ्या’ असं महिन्यात दोनदा ऐकू येतं, त्या गटातून बाहेर पडावं हे बरं.

गटांनी यावर शोधलेले उपाय वेगवेगळे आहेत. काही ठिकाणी काळी यादी असते, नाव, फोन नंबर, कधी कधी फोटोसकट. मला ही रीत अजिबात पटत नाही. एखाद्या घरात आजारपण निघालेलं असतं, कुणाचा फोन हरवलेला असतो, आणि एकदा फिरलेला मेसेज परत घेता येत नाही. शिवाय खरा बुडव्या नंबर बदलून परत येतोच. त्यापेक्षा चांगली पद्धत म्हणजे नव्या सदस्याकडून ॲडमिनने थोडी रक्कम ठेव म्हणून घेणं, आणि आधीचे पैसे चुकते होईपर्यंत ठेवीच्या ठरावीक पटीपलीकडे त्याची बोली मान्य न करणं. म्हणजे पाचशे ठेवणाऱ्याने पाच हजारांची बोली लावायची नाही. हजार रुपये ठेवायला जो कुरकुरतो तो पुढे भरायलाही कुरकुरणार, हे बोली लागायच्या आधीच कळतं.

कायद्याचा आधार इथे नाही असं नाही. पैसे मिळेपर्यंत माल अडवून ठेवण्याचा विक्रेत्याचा हक्क वस्तुविक्री कायदा मान्य करतो, आणि पुन्हा विकण्याचाही. मात्र कलम ५४ मधली एक अट फार थोड्यांना ठाऊक असते. माल नाशवंत नसेल आणि पुनर्विक्रीची अट आधी ठरलेली नसेल, तर पुन्हा विकण्याआधी पहिल्या खरेदीदाराला नोटीस द्यावी लागते आणि वाजवी वेळ द्यावा लागतो. तशी नोटीस दिली आणि नंतर माल कमी किमतीला गेला, तर फरक मागता येतो. नोटीस न देताच विकला तर नुकसानभरपाई मागण्याचा हक्क जातोच, उलट जास्त किंमत आली तर तो नफा पहिल्या खरेदीदाराचा होतो! म्हणून गटाच्या नियमांतच एक वाक्य घालून ठेवावं की अमुक दिवसांत पैसे न आल्यास वस्तू पुन्हा विकली जाईल. मुदत संपताना लेखी संदेश पाठवावा आणि तो जपून ठेवावा. चौदाशे रुपयांसाठी धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयाची पायरी कुणी चढणार नाही, हे मान्य. परळच्या ग्राहक आयोगाचाही इथे उपयोग नाही, कारण तिथे तक्रार करायची ती ग्राहकाने. पण तो संदेश असला की वाद गटात तरी मिटतो.

हौशी विक्रेत्याला याहून मोठा धोका असतो तो पैसे ‘भरल्याचं’ दाखवणाऱ्याकडून. यूपीआय भरण्याचा बनावट स्क्रीनशॉट पाठवून ‘आजच कुरिअर करा’ म्हणून घाई केली जाते. किंवा ‘पैसे घेण्यासाठी हा क्यूआर स्कॅन करा’ असं सांगितलं जातं, आणि पिन टाकला की विक्रेत्याच्याच खात्यातून पैसे निघतात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने व्यक्तीकडून व्यक्तीला पैशांची मागणी पाठवण्याची यूपीआयमधली सोय बंद केली, त्यामुळे एक चोरवाट बुजली. स्क्रीनशॉटवर विश्वास न ठेवता बँकेच्या खात्यात जमा दिसल्यावरच पार्सल बांधावं, आणि फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवावं.

आता अनामतीचं गणित. नोव्हेंबर २०२५ मध्ये हरियाणात ‘एचआर ८८ बी ८८८८’ या वाहन क्रमांकाचा ऑनलाइन लिलाव झाला. पायाभूत किंमत ५० हजार, अंतिम बोली १.१७ कोटी! देशभर बातम्या झाल्या. मुदत उलटली तरी पैसे आले नाहीत, आणि बोलीदाराचे गुंतले होते ते सारे मिळून ११ हजार रुपये. परिवहनमंत्र्यांनी त्याच्या मालमत्तेची चौकशी करण्याचे आदेश दिले. पण अकरा हजारांत कोट्यवधींची बोली लावू देणारा नियम ज्यांनी केला, त्यांना काय विचारायचं? पायाभूत किमतीवर ठरलेली अनामत बोली वाढत जाते तशी निरर्थक होत जाते. जानेवारी २०२४ मध्ये खेड तालुक्यातल्या मुंबके गावातला दाऊदच्या कुटुंबाचा एक छोटा भूखंड लिलावात निघाला. राखीव किंमत १५,४४० रुपये होती आणि बोली २.०१ कोटींवर गेली. अशा ठिकाणी राखीव किमतीशी बांधलेल्या अनामतीला काही अर्थ राहत नाही.

याच्या उलट आपल्याकडे ताडदेवच्या आरटीओत एमएच ०१ च्या आकर्षक क्रमांकांसाठी चालत आलेली साधी पद्धत पाहा. एकाच क्रमांकासाठी एकापेक्षा जास्त अर्ज आले, तर प्रत्येकाने ठरलेल्या शुल्कावर जास्तीची जेवढी रक्कम द्यायची असेल तिचा धनाकर्ष बंद पाकिटात घालून द्यायचा. पाकिटं उघडली की ज्याचा धनाकर्ष मोठा, त्याला क्रमांक. बाकीच्यांचे परत. इथे बोली म्हणजेच पैसा, त्यामुळे बुडवायला जागाच नाही. या पद्धतीतही उणीव आहे. एकदाच आकडा टाकायचा असल्यामुळे चढाओढ होत नाही आणि महसूल कदाचित कमी मिळतो. पण मिळतो तो खरा मिळतो.

चढाओढ राहावी आणि पैसाही यावा, यासाठीची मधली वाट बँकांच्या ई-लिलावात सापडते. मुंबईत ‘नवशक्ति’ उघडला की पानंच्या पानं जाहीर लिलाव सूचना दिसतात. परळमधली सदनिका, लालबागमधला गाळा, दादरमधलं कार्यालय. शेजारी राखीव किंमत, इसारा रक्कम, बोली वाढवण्याची किमान रक्कम, ‘जसे आहे जेथे आहे’ हे शब्द, आणि ताबा प्रत्यक्ष की सांकेतिक. थकीत कर्जाच्या वसुलीसाठी बँकांना तारण मालमत्ता विकू देणाऱ्या सरफेसी कायद्याखालच्या २००२ च्या नियमांनुसार बोली जिंकणाऱ्याने इसाऱ्यासह बोलीच्या २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरायची असते. उरलेली विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत, किंवा लेखी संमतीने वाढवलेल्या मुदतीत, आणि ती मुदत तीन महिन्यांपलीकडे जाऊ शकत नाही. चुकलं तर भरलेली रक्कम जप्त आणि मालमत्ता पुन्हा लिलावात. दिवाणी न्यायालयांच्या लिलावांनाही २५ टक्के आणि १५ दिवस हेच माप आहे. तिथे तर फेरलिलावात कमी किंमत आली, तर तूट पहिल्या बोलीदाराकडून वसूल होऊ शकते.

मला ही रचना मुळात योग्य वाटते, कारण दुसऱ्याच दिवशी मागितलेली रक्कम बोलीच्या प्रमाणात आहे. पण तिचा बडगा कुणावर पडतो तेही पाहायला हवं. समजा, परळमधल्या एका सदनिकेची राखीव किंमत १ कोटी २० लाख आहे. इसारा साधारण १० टक्के, म्हणजे १२ लाख. बाजारभावापेक्षा स्वस्त मिळेल या आशेने एखादं कुटुंब साठवलेले पैसे आणि दागिन्यांवरचं कर्ज यातून ते उभे करतं. बोली चढून १ कोटी ६० लाखांवर जाते. दुसऱ्या दिवशी आणखी २८ लाख, आणि पंधरवड्यात उरलेले १ कोटी २० लाख. गृहकर्ज मिळेल असं धरून ते पुढे गेलेले असतात. पण ताबा सांकेतिक असतो, आत जुना मालक राहत असतो, सोसायटीची थकबाकी किती ते कुणी नीट सांगत नाही, आणि दुसरी बँक कागद बघून मान हलवते. ४० लाख जातात. हे कुटुंब लबाड नसतं.

न्यायालयांनी या प्रश्नाकडे दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे. दिल्ली विकास प्राधिकरणाच्या भूखंडाचं प्रकरण १९८२ च्या लिलावातलं. बोली ३.१२ कोटी, भरलेली रक्कम ७८ लाख. व्यवहार रखडला, प्राधिकरणाने रक्कम जप्त केली आणि १९९४ मध्ये तोच भूखंड ११.७८ कोटींना विकला. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ती जप्ती रद्द ठरवली: नुकसान झालंच नाही तर भरपाई कशाची? पण फेब्रुवारी २०२४ मध्ये सेंट्रल बँकेच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने वेगळी भूमिका घेतली. तिथे बोली १२.२७ कोटी होती, बोलीदाराने २५ टक्के भरून नोटबंदीच्या काळातल्या अडचणींचं कारण सांगितलं होतं, आणि फेरलिलावात बँकेला १४.७६ कोटी, म्हणजे जास्तच मिळाले होते. तरी पूर्ण २५ टक्क्यांची जप्ती कायम राहिली. सरफेसीखालची विक्री हा साधा करार नसून कायद्याने बांधलेली प्रक्रिया आहे, आणि सवलत दिली तर खोट्या बोलीदारांचं फावेल, असं त्यामागचं तर्कशास्त्र.

तर्क म्हणून ते मला कळतं. तरीही ज्या बोलीदाराने एक चतुर्थांश रक्कम रोख मोजली आहे त्याला खोटा बोलीदार म्हणणं जड जातं. खोटा बोलीदार पंचवीस टक्के भरतच नाही, तो दुसऱ्याच दिवशी नाहीसा होतो. त्याचा इसारा जरूर जावा. पण चतुर्थांश भरलेल्याकडून फेरलिलावाचा खर्च, व्याज आणि तूट वळती करून उरलेलं परत देण्याची तरतूद नियमांत यायला हवी, आणि ती संसदेने किंवा सरकारने करावी लागेल. तोवर खरेदीदाराने एकच पथ्य पाळावं: कर्जाची लेखी मंजुरी त्या विशिष्ट मालमत्तेवर मिळाल्याशिवाय बोलीला बसू नये.

कलेच्या बाजारात ओळख आणि ऐपत आधीच तपासून घेतली जाते. प्रभादेवीची ‘सॅफ्रनआर्ट’ २००० सालापासून ऑनलाइन लिलाव करते. मार्च २०१९ मध्ये प्राप्तिकर खात्याने हिरेव्यापारी नीरव मोदीच्या संग्रहातली चित्रं याच संस्थेमार्फत विकली. ५९.३७ कोटींच्या त्या विक्रीत गिरगावच्या चाळीत वाढलेल्या वासुदेव गायतोंडे यांचं एक चित्र २५.२४ कोटींना गेलं. एवढ्या रकमा असल्या की बोलीदाराची नोंदणी, कागदपत्रं आणि बोलीची मर्यादा आधी ठरते, आणि पूर्ण पैसे आल्याशिवाय चित्र हलत नाही. तरी कुणी ठरवूनच नाही म्हटलं तर ही गाळणीही अपुरी पडते. २००९ मध्ये पॅरिसला चीनच्या जुन्या राजवाड्यातली उंदीर आणि सशाची दोन ब्राँझची शिरं ‘ख्रिस्तीज’ने लिलावात काढली. एका चिनी संग्राहकाने तीन कोटी युरोंहून मोठी बोली जिंकली आणि पैसे देणार नाही असं जाहीर केलं, कारण त्याच्या मते ती लूट होती. विक्री मोडली, आणि २०१३ मध्ये ती शिरं चीनला भेट म्हणून परत गेली. पूर्ण पैसे येण्याआधीच माल दिला तर काय होतं, तेही पाहा. अमेरिकेत १९९६ च्या दूरसंचारासाठीच्या रेडिओलहरींच्या लिलावात सरकारने परवाने हप्त्यांवर देऊन टाकले. सर्वात मोठी बोली लावणारी ‘नेक्स्टवेव्ह’ दोन वर्षांत दिवाळखोरीत गेली, आणि परवाने परत घेता येणार नाहीत असा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय सरकारला २००३ मध्ये ऐकावा लागला. माल आधी आणि पैसा मागाहून, हे विक्रेता कितीही बलाढ्य असला तरी झेपत नाही.

खरेदीदाराला शिस्त लावताना विकणाऱ्याकडे मात्र कुणी बोट दाखवत नाही. सप्टेंबर २००१ मध्ये नागपाड्यात जयराजभाई स्ट्रीटवरचं दाऊदचं १४४ चौरस फुटांचं दुकान प्राप्तिकर खात्याच्या लिलावात निघालं. उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादच्या एका तरुणाने ते २ लाखांना घेतलं आणि पैसे भरले. त्यानंतर सरकारी कचेऱ्यांच्या आणि कोर्टाच्या खेपा सुरू झाल्या. मालमत्ता त्याच्या नावावर नोंदली गेली ती डिसेंबर २०२४ मध्ये, तेवीस वर्षांनी, आणि तेव्हाही ताबा हातात आलेला नव्हता. अशी उदाहरणं समोर असताना जिंकलेला बोलीदार पैसे भरायला कचरतो, यात त्याचा एकट्याचा दोष धरता येत नाही. लिलावाच्या सूचनेत पैसे भरण्याची तारीख ठळक अक्षरांत असते. तिच्या शेजारी ताबा आणि कागद देण्याची तारीखही तितक्याच ठळकपणे छापावी, आणि ती चुकली तर बोलीदाराला त्याच्या पैशांवर पहिल्या दिवसापासून व्याज मिळावं.